सिकाई संपल्यानंतर

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात आम्ही उभयतांनी केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलताना मध्येमध्ये जे थांबणं झालं, ते गाळलं आहे.)



व्यासपीठावर दोन खुर्च्या आणि पाण्याची एक बाटली ठेवा, असं आम्ही सांगितलं होतं. ठेवलीत, आभार. ही बाटली शोभेची नाही. दर पाच-सात वाक्यांनी बोलणं थांबेल, एक घोट घेतला जाईल, मग पुढचं वाक्य येईल. तेवढं सांभाळून घ्या.

इंदुरात आमच्या घराण्याची ही पाचवी पिढी. या मंडळाच्या गणपतीत आम्ही दोघं लहानाचे मोठे झालो, इथल्याच नाटकात ओळख झाली, पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे बोलावणं आलं तेव्हा पहिला विचार असा आला की आम्ही काय बोलणार? एक बँकेतून निवृत्त, एक शाळेतून. इथं विद्वान माणसं येऊन बोलून गेली आहेत. पण कार्यकर्त्यांनी सांगितलं, गेल्या दोन वर्षांत मंडळाच्या चार घरांत हाच आजार निघाला आणि चारही घरचे लोक तुमच्याकडेच विचारायला आले. तर एकदा सगळ्यांसमोर सांगून टाका. म्हणून आलो.

आजार म्हणजे तोंडाचा आणि घशाचा कर्करोग. आमच्याकडे तो जिभेच्या अगदी मागच्या भागात, घशाच्या तोंडाशी निघाला. बोलायची सोय म्हणून एक ठरवून घेऊ. आमच्यातल्या एकाला आम्ही पेशंट म्हणणार आणि दुसरीला साथवाली. हॉस्पिटलात दर तासाला दारातून आवाज यायचा, "पेशंट के साथ कौन है?" तेव्हापासून घरात हीच नावं पडली आहेत. नातवंडंसुद्धा कधीकधी म्हणतात.

आजार कशानं झाला, हे कुणी विचारण्याआधीच सांगतो. तीस वर्षं तंबाखू-चुना, वर सुपारी. आपल्या राज्यात २०१२ च्या एप्रिलपासून गुटख्याला बंदी आहे. टपरीवर आज दोन पुड्या वेगवेगळ्या मिळतात आणि घेणारा त्या एकत्र करतो. तंबाखू वाईट हे सगळे मान्य करतात, सुपारीला मात्र आपण पूजेतली म्हणून सूट देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं नुसत्या सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांत २००४ सालीच धरलं आहे. २०२२ च्या अंदाजानुसार देशात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होतात आणि पुरुषांमध्ये हा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. या विषयावर दुसऱ्या कुणीतरी बोलावं, आमचा विषय वेगळा आहे. मंडळाच्या पंगतीनंतर सुपारीचं तबक फिरवणं बंद करा एवढीच विनंती. हे आगाऊपणाचं वाटलं तर माफ करा.

तर आमचा विषय आहे उपचार संपल्यानंतरचा काळ.

उपचार चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर सुरू झाले. शस्त्रक्रिया नव्हती. किरणोपचार, ज्याला आपल्याकडे वॉर्डातले सगळे सिकाई म्हणतात, ते ३५ वेळा. आठवड्याचे पाच दिवस, असे सात आठवडे. त्याच्या जोडीला दर आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिनची सलाईन. सिकाईआधी गरम पाण्यात मऊ केलेली जाळीची प्लॅस्टिकची चादर चेहऱ्यावर दाबून मुखवटा तयार करतात आणि रोज तो मुखवटा टेबलाला पक्का करतात, म्हणजे डोकं मिलिमीटरभर हलत नाही. प्रत्यक्ष काम दहा-पंधरा मिनिटांचं, दुखत काही नाही. पहिल्या आठवड्यात पेशंट सिकाई करून परत येताना पोहे खाऊन घरी यायचे. आम्हाला वाटलं, लोक उगाच घाबरवतात.

दुसरा आठवडा संपता संपता तोंड आलं. साधं तोंड येतं तसं नाही. गाल, जीभ, घसा सगळं सोललं गेलं. लाळेच्या जाड तारा सुटू लागल्या, रात्रभर त्या थुंकत बसायचं. चौथ्या आठवड्यात नाकातून पोटात नळी घातली. शेवटची सिकाई संक्रांतीच्या दोन दिवस आधी झाली. स्टाफनं टाळ्या वाजवल्या, आम्ही पेढे वाटले. संक्रांतीला तुमच्यापैकीच कितीतरी जण घरी आलात, तिळगूळ दिलात, म्हणालात, "सुटलात एकदाचे!" आम्हालाही तसंच वाटत होतं.

इथंच आमचं गणित चुकलं. सिकाई बंद झाली तरी तिचं आत चाललेलं काम लगेच थांबत नाही. शेवटच्या दिवसानंतरचे दोन आठवडे सगळ्यात वाईट गेले. मानेची कातडी काळी पडून सोलली, घशातून आवाज फुटेना, वजन ७१ वरून ५८ वर आलं. उपचार चालू होते तेव्हा रोज कुणी ना कुणी तपासणारं होतं. आता पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची. भेटायला येणारेही थांबले, कारण सगळ्यांच्या लेखी आम्ही सुटलो होतो. त्या दोन आठवड्यांत एका रात्री पेशंटनी पाटीवर लिहिलं, "पुरे." साथवालीनं ते पुसलं आणि तीसुद्धा स्वयंपाकघरात जाऊन रडली. दोघंही एकमेकांना धीर देत होतो आणि दोघांनाही तो खोटा आहे हे कळत होतं.

या काळात आम्ही दोन मोठ्या चुका केल्या. त्या सांगण्यासाठीच आज उभे आहोत. बाकीचं तुम्हाला डॉक्टर सांगतीलच.

पहिली चूक दुखण्याच्या औषधाची. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, ठरलेल्या वेळेला घ्यायच्या. मॉर्फिन म्हटल्यावर घरात सगळ्यांचे चेहरे बदलले. सवय लागेल, नशा चढेल, एकदा ही गोळी सुरू झाली म्हणजे संपलंच. साथवालीनं पेशंटला न सांगता गोळी अर्धी करून द्यायला सुरुवात केली. पेशंट मुकाट सोसत राहिले, कारण त्यांना वाटलं की पूर्ण गोळी घेऊनही एवढंच बरं वाटतं. बारा दिवसांनी हे डॉक्टरांसमोर उघड झालं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "दुखणं दाबायचं ते गिळता यावं म्हणून. दुखलं की माणूस गिळत नाही, आणि न गिळणं ही पुढची अडचण आहे." गोळी पूर्ण सुरू झाली, सोबत पोट साफ राहण्याचं औषध सुरू झालं, घसा भरत आला तशी ती कमी करत बंद केली. काही सवय लागली नाही.

दुसरी चूक त्यांच्या त्या वाक्यातच होती, पण तेव्हा आम्हाला ती दिसली नाही.

नळी लागल्यावर साथवालीला एक प्रकारे हायसं वाटलं होतं. दर दोन तासांनी दोनशे मिली, मलमलच्या फडक्यातून गाळलेलं: दूध, पातळ वरण, तांदळाची पेज, प्रोटीनची पावडर. मोठ्या सिरिंजनं हळूहळू सोडायचं, आधी आणि नंतर पाणी सोडून नळी धुवायची, पेशंटनी सरळ बसायचं आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. वहीत तक्ता होता. शाळेत चाळीस वर्षं हजेरीपट भरलेली बाई ती, तक्ता बिनचूक भरला जायचा. आणि नळीतून पोट भरतंय म्हटल्यावर घशाला कशाला त्रास? पेशंट एखादा घोट पाण्याचा प्रयत्न करायचे, चेहरा वेडावाकडा व्हायचा, डोळ्यांत पाणी यायचं. साथवाली म्हणायची, "राहू द्या हो. नळी आहे ना?" त्यांनाही तेच ऐकायचं होतं.

असे दहा आठवडे गेले. घसा भरला, दुखणं गेलं. आता नळी काढायची म्हणून महाशिवरात्रीच्या सुमारास गेलो, तर गिळता येईना. दुखत नव्हतं, पण घास जिभेच्या मागं जाऊन तिथंच थांबायचा. गिळणं शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाई होत्या, आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी एकच विचारलं, "शेवटचा घोट तोंडानं कधी घेतला होता?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. साथवालीनं वही उघडली. वहीत दोनशे मिलीच्या नोंदी होत्या, तोंडानं घेतलेल्याची एकही नव्हती.

त्यांनी समजावलं ते आमच्या शब्दांत सांगतो. हात प्लास्टरमध्ये ठेवला की बारीक होतो, तसेच गिळण्याचे स्नायू. त्यातून सिकाईनं ते आखडत असतात. दोन्ही एकदम झालं की घसा आपलं काम विसरतो. नळी पोटासाठी असते. घशाला सुटी द्यायची नसते. दुखणं काबूत ठेवून, डॉक्टरांनी घातक नाही असं सांगितलं असेल तर, रोज थोडं पाणी, दोन चमचे दही, काहीतरी गिळत राहायचं. आणि हे सगळं त्यांनी सिकाई सुरू होण्याआधीच सांगितलं होतं! व्यायामांचा छापील कागदही दिला होता. तो कागद आमच्या घरी कालनिर्णयच्या मागे खिळ्याला अडकवलेला होता. आम्ही रोज तारीख बघत होतो, मागचा कागद नाही.

काळजीपोटी केलेली ही चूक साथवालीच्या मनातून अजून गेलेली नाही. पेशंटचं म्हणणं, घोट घेणारं तोंड माझं होतं, तू कोण आडवणार? या एका मुद्द्यावर आमचं अजून एकमत नाही.

मग तपासणी झाली. नाकातून बारीक दुर्बीण घालून निळा रंग मिसळलेलं दही आणि पाणी गिळायला दिलं, ते कुठं जातं ते पडद्यावर दिसत होतं. दही हळूहळू का होईना, बरोबर वाटेनं गेलं. पाणी मात्र श्वासनलिकेकडे सरकत होतं, आणि पेशंटना ठसकाही लागत नव्हता. हे आम्हाला अगदी उलटं वाटलं. आपल्याकडे आजारी माणसाला आधी पाणी, नारळपाणी, मोसंबीचा रस देतात. पण पातळ पदार्थ वेगानं घसरतो, दुबळ्या घशाला त्याच्यावर ताबा ठेवता येत नाही. तो फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया होतो. म्हणून आधी घट्ट, मग पातळ. हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं, म्हणजे श्वासाची वाट आड होते. आजही पेशंट पाणी पिताना मान खाली घालतात ते त्यासाठी. परवा मंडपात कुणीतरी विचारलं, "नमस्कार करताय का बाटलीला?"

व्यायाम दिवसातून पाच वेळा. जीभ दातांत हलकी धरून नुसती थुंकी गिळायची. गिळताना कंठमणी वर गेला की तो तिथंच दोन-तीन सेकंद रोखून धरायचा. उताणं झोपून, खांदे न उचलता, फक्त डोकं उचलून पायाची बोटं बघायची, मिनिटभर. हे प्रत्येकाला चालतातच असं नाही, शिकवणाऱ्याकडूनच शिका. सुरुवातीला मिनिटभर जमेना, आम्ही गजराचं घड्याळ लावून अकरा सेकंदांवरून वाढवत गेलो. रंगपंचमीला गेरमुळे राजवाड्याकडचे सगळे रस्ते बंद होते, थेरपीला जाता आलं नाही. खाली ढोल वाजत होते आणि वरच्या मजल्यावर आम्ही दोघं पलंगावर उताणे पडून पायाची बोटं बघत होतो. साथवालीनंही सगळे व्यायाम बरोबरीनं केले. एकट्या माणसाकडून ते होत नाहीत, हे आम्ही स्वतःच्या अनुभवानं सांगतो.

चैत्रात, रामनवमीच्या आदल्या आठवड्यात, नळी निघाली. पंधरा दिवस सगळं तोंडानं घेऊन वजन टिकलं, तेव्हाच त्यांनी ती काढली. पहिलं जेवण होतं मऊ मुगाची खिचडी, वर तूप, सोबत पातळ कढी. एक तास दहा मिनिटं लागली.

जबड्याचं थोडक्यात सांगतो. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. आत्ता करून बघायला हरकत नाही, दिवे मंद आहेत. सिकाईनं जबड्याचे स्नायूही आखडतात आणि ते महिन्यामहिन्यानं आखडत जातात, एकदम कळत नाही. आमच्याकडे बोटं दीडवर आली तेव्हा लक्षात आलं, चमचा आडवा जाईना म्हणून. उपाय अगदी स्वस्त निघाला. स्टेशनरीच्या दुकानात मुलांच्या क्राफ्टसाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या मिळतात. त्या एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या, अर्धा मिनिट ताण ठेवायचा, दिवसातून अनेक वेळा. जमलं की एक काडी वाढवायची. अकरा काड्यांवरून अठरापर्यंत यायला सात महिने लागले. अजूनही सोडलेलं नाही. चार दिवस लग्नाला गेलो आणि काड्या घरी विसरलो, तर परत आल्यावर सोळाच मावल्या.

आता लाळेबद्दल. निरोगी तोंडात दिवसाला लिटरच्या आसपास लाळ तयार होते म्हणतात, आणि ती आहे तोवर कुणी तिची आठवण काढत नाही. सिकाईत लाळग्रंथी भाजल्या जातात. आजकाल किरणं अशी वळवतात की शक्य तिथं एखादी ग्रंथी वाचवता येते. आमची एका बाजूची वाचली, म्हणून आज ही एकच बाटली पुरते. पहिल्या वर्षी पोळीचा घास टाळूला चिकटून बसायचा. पोळी वरणात कुस्करायची, भात सैल, भाजीला रस्सा, सगळ्यावर तूप. इंदूरकराला शेवेविना जेवायचं म्हणजे केवढी शिक्षा, ते तुम्हाला सांगायला नको. रात्री जीभ टाळूला चिकटून जाग यायची, उशाशी पाणी ठेवावं लागायचं. सरकारी औषधाच्या दुकानापासून आयुर्वेदिकपर्यंत लोकांनी खूप उपाय सुचवले. आम्हाला उपयोगी पडल्या त्या साध्या गोष्टी: घोटघोट पाणी, आणि एक लिटर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा खळखळून चुळा. बाजारातले झणझणीत माउथवॉश लावू नका, त्यात अल्कोहोल असतं.

लाळ नाही म्हणजे दातांचं रक्षण नाही. हे मुद्दाम ठासून सांगतो. सिकाईआधी दातांच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं. आमच्या दोन किडक्या दाढा आधी काढल्या, जखम भरायला दोन आठवडे दिले, मग सिकाई. कारण सिकाई झालेल्या जबड्याच्या हाडात नंतर दात उपटला तर ती जखम भरत नाही, हाड सडू शकतं, आणि हा धोका आयुष्यभर राहतो. दुसऱ्या वर्षी एक दाढ ठणकली तेव्हा आम्ही बाहेरगावी होतो. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिमटा हातात घेतलाही होता. साथवालीनं कागद पुढं केला. त्यांनी चिमटा खाली ठेवला, आमच्या सिकाईच्या डॉक्टरांना फोन लावला आणि दाढ न काढता रूट कॅनाल केलं. तेव्हापासून पेशंटच्या पाकिटात एक चिठ्ठी असते, "मानेवर किरणोपचार झाले आहेत, विचारल्याशिवाय दात काढू नये." शिवाय झोपण्यापूर्वी दातांना फ्लोराइड लावणं रोजचं.

चव गेली होती. पूर्ण. वरण पुठ्ठ्यासारखं, दूध खडूच्या पाण्यासारखं. आमच्याकडे आंबट आधी परत आलं, मग खारट. गोड सगळ्यात शेवटी. सिकाईनंतरचे पहिले गणपती आले तेव्हा साथवालीनं उकडीचे मोदक केले. पेशंटनी एक खाल्ला आणि म्हणाले, "छान झालाय." एकेचाळीस वर्षांच्या संसारात ते पहिल्यांदा इतकं वाईट खोटं बोलले. त्या वर्षी आम्ही मंडळात आलो नाही. तुम्ही फोन केलेत, आम्ही पाय दुखतो वगैरे सांगितलं. खरं कारण हे की महाप्रसादाच्या पंगतीत बसायची लाज वाटत होती. घास ओठातून सांडायचा, मध्येच खोकला यायचा, सगळे उठले तरी पान अर्धं. आणि मायेनं होणारा आग्रह! "एक घास तरी घ्या" म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

घरातही तेच झालं होतं. पेशंट आत जेवायचे, दार लोटून. साथवाली ओट्याशी उभी राहून, फोडणीशिवायचं, पटकन. त्यांना खाता येत नाही आणि आपण चवीनं खायचं, हे तिला गिळवत नव्हतं. वर्षभरात तिचंही सहा किलो वजन गेलं आणि ते कुणीच मोजलं नाही, तक्ता एकाचाच होता. नवरात्रात कधीतरी पेशंट दार उघडून बाहेर आले आणि म्हणाले, "फोडणी दे. लसणाची. आणि ताट घेऊन माझ्यासमोर बस." त्यांना तो वास हवा होता, समोर कुणीतरी जेवतंय हे बघायचं होतं. त्या दिवशी दोघांचंही जेवण सव्वा तास चाललं. चव येण्याचा आणि याचा संबंध आहे असं आम्ही म्हणणार नाही, पण त्या आठवड्यात पेशंटना पहिल्यांदा गूळ लागला.

दोन गोष्टी उशिरा कळल्या, त्या लवकर कळाव्यात म्हणून सांगतो. सकाळी हनुवटीखाली सूज असायची, दुपारपर्यंत उतरायची. लोक म्हणायचे, "गाल भरलेत, तब्येत सुधारली." ती मानेतल्या लसवाहिन्या बिघडल्याची सूज होती, हलक्या हातानं मालिश शिकून आणि उशी उंच करून ती आटोक्यात आली. दुसरी गोष्ट थायरॉइड. सगळं बरं चाललेलं असताना पौषात पेशंट एकदम मंदावले. दुपारभर झोप, थंडी सहन होईना, कशात मन नाही. घरच्यांनी, डॉक्टर असलेल्या एका भाच्यानंसुद्धा, ठरवलं की मनानं खचले. आम्हीही रोज समजूत घालत होतो. मग तपासणीत टीएसएच खूप वाढलेलं निघालं. मानेच्या सिकाईत थायरॉइडही सापडते आणि ती वर्षा-दोन वर्षांनी मंदावू शकते. रोज सकाळी एक छोटी गोळी सुरू झाली, दीड महिन्यात माणूस परत आला. ज्यांच्या मानेवर सिकाई झाली आहे त्यांनी दर सहा महिने ते वर्षानं हे रक्त तपासून घ्यायचं, कुणी सांगो वा न सांगो.

मन खचतही होतं, ते नाकारत नाही. दर तपासणीच्या आदल्या रात्री अजून झोप लागत नाही. कानात सलाईनच्या औषधानं बसलेली शिट्टी आहे, ती जाणार नाही असं सांगितलं आहे. तिखट सोसत नाही. पोह्यांवर जीरावण घालून चार वर्षं झाली. ज्या आवाजात या मंडपात वर्षानुवर्षं कार्यक्रमांची घोषणा व्हायची, तो आवाज आता हा असा आहे.

गेल्या वर्षी आम्ही डबा घेऊन महाप्रसादाला आलो. पंगतीत बसलो, पानावर स्वतःचा सैल भात वाढून घेतला. शेजारी बसलेल्या काकूंनी काहीही विचारलं नाही. त्यांचं जेवण झालं, तरी त्या उठल्या नाहीत, पाणी पीत बसून राहिल्या, आमचं होईपर्यंत. त्यांना हे आठवतही नसेल. यंदा स्वयंपाकाच्या मंडळींनी आधीच निरोप पाठवला आहे की एका पातेल्यात बिनतिखट मऊ खिचडी आणि कढी वेगळी काढली आहे, ज्याला हवी त्यानं मागावी, नाव सांगायची गरज नाही. कळलं असं की अशी मागणी करणारे आम्ही एकटे नव्हतो.

आता तुमचे प्रश्न. उत्तरं पेशंट देतील. मध्ये पाणी प्यायला थांबतील, तेवढं थांबा.